येनी जामी, थेसालोनिकी

उत्तर ग्रीसमधील थेसालोनिकी (ऑटोमन काळातील सेलानिक) शहरातील भूतपूर्व मशीद. बांधकाम १९०२. ऑटोमन राजवटीत या शहरात उभी राहिलेली ही शेवटची मशीद. ज्या डॉन्मे (ज्यू धर्मातून इस्लाममध्ये आलेल्या) समाजाने ती बांधवून घेतली, त्याला ती जेमतेम दोन दशके लाभली.

शहर १४३० मध्ये ऑटोमनांच्या ताब्यात आले. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंना सुलतानाने आसरा दिला आणि त्यांतील पुष्कळजण येथे स्थायिक झाले. पुढे व्यापारीच काय, धक्क्यावरचे हमालही बहुतेक ज्यू असत. त्यामुळे शनिवारी, सब्बाथच्या म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंदराचे काम थंडावे. १९१२ मध्ये ग्रीकांनी शहर जिंकल्यावर १९१३ मध्ये झालेल्या शिरगणतीत १,५७,८८९ लोकसंख्येपैकी ज्यू ६१,४३९, मुसलमान ४५,८६७ आणि ग्रीक ३९,९५६ भरले. यातले मुसलमान म्हणजे एकजिनसी समाज मात्र नव्हता.

इझ्मीरमध्ये १६२६ साली जन्मलेल्या शब्बताई झ्वीने स्वतःला ज्यूंचा तारणहार म्हणवून घेतले आणि युरोपभरच्या ज्यू वस्त्यांत खळबळ उडाली. १६६६ मध्ये सुलतान चौथा मेहमेद याच्या दरबारात त्याच्यापुढे धर्मांतर किंवा मृत्यू एवढेच पर्याय उरले, तेव्हा त्याने इस्लाम स्वीकारला. बहुतेक अनुयायांनी त्याचा नाद सोडला. काहींना मात्र या धर्मांतरातच दैवी संकेत दिसला आणि १६८३ मध्ये सेलानिकमधील सुमारे तीनशे कुटुंबे त्याच्या वाटेने मुसलमान झाली. तेच डॉन्मे. बाहेर नमाज-रोजे, घरात स्वतःच्या प्रार्थना, आणि सोयरीक फक्त आपसांत. त्यांच्यातही याकुबी, काराकाश आणि कपांजी असे तीन पंथ पडले आणि एकमेकांतही लग्ने होईनात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा समाज कापड-तंबाखूच्या व्यापारात आणि नव्या धर्तीच्या शाळांत पुढे आला होता. मुस्तफा केमाल (पुढचा आतातुर्क) लहानपणी ज्या शेम्सी एफेन्दींच्या शाळेत शिकला, ते डॉन्मेच होते.

मशिदीचा आराखडा विटालियानो पोसेली या सिसिलीत जन्मलेल्या वास्तुविशारदाचा. याच माणसाने शहरातील सरकारी कचेरी, कॅथलिक चर्च, आर्मेनियन चर्च आणि बेथ शाऊल हे सिनेगॉगही (ज्यू प्रार्थनास्थळ) बांधले. त्या काळचे सेलानिक समजून घ्यायला त्याच्या कामांची ही यादी पुरेशी आहे. येनी जामीच्या दर्शनी भागात घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, दोन्ही अंगांना छोटे मनोरे आणि मध्ये घुमट अशी रचना आहे. आत घुमटाखाली मुख्य दालन, भोवती वरचा सज्जा आणि किब्ल्याच्या म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीत मिहराब हा कोनाडा. कमानी पाहून स्पेनमधील मूरांच्या (तिथल्या मध्ययुगीन मुसलमानांच्या) इमारती आठवतात, तर बाकीचा थाट युरोपीय आहे. नक्षीत सहा टोकांचे तारे दिसतात आणि मार्गदर्शक मंडळी डॉन्मेंच्या गुप्त ज्यू निष्ठेचा पुरावा म्हणून ते हटकून दाखवतात. पण हाच तारा ‘सुलेमानची मोहर’ म्हणून इस्लामी कलेतही शतकानुशतके वावरतो. निव्वळ त्याच्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

१९२३ च्या लोझान कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. निकष एकच, धर्म. आणि कागदोपत्री डॉन्मे मुसलमान होते. त्यांची पाठवणी तुर्कस्तानात झाली आणि तिथे बरेचजण त्यांना ‘खरे मुसलमान नव्हेत’ म्हणून संशयाने पाहत राहिले. या हद्दपारीने त्यांचा जीवही वाचला, हे पुढे उघड झाले. १९४३ मध्ये नाझींनी शहरातील पंचेचाळीस हजारांहून अधिक ज्यूंना छळछावण्यांकडे, बहुतेकांना ऑश्विट्झला, रवाना केले. पोसेलीचे सिनेगॉगही त्याच काळात नष्ट झाले.

रिकाम्या मशिदीत आधी आनातोलियातून (तुर्कस्तानच्या आशियाई भागातून) आलेल्या ग्रीक निर्वासितांनी संसार थाटले. १९२५ पासून तेथे पुरातत्त्व संग्रहालय होते. १९६२ मध्ये ते नव्या इमारतीत गेले, तरी मशिदीसमोरच्या रस्त्याला त्याचेच नाव राहिले आणि आवारात रोमन व आद्य ख्रिस्ती काळातील संगमरवरी शिल्पे, शवपेट्या अजून मांडलेल्या आहेत. मिनार पाडला गेला. शहरातील जवळजवळ सर्वच मिनारांची १९२० च्या दशकात तीच गत झाली. वाचला तो एकटा रोटुंडाचा, आणि रोटुंडा ही तर मूळची रोमन वास्तू, नंतरचे चर्च आणि मग मशीद!

रोटुंडा, आयिया सोफिया, आयिओस दिमित्रिओस ही जुनी चर्चे मशिदी झाली होती, म्हणून १९१२ नंतर त्यांचे काय करायचे हा प्रश्न ग्रीकांपुढे फारसा नव्हता. मशीद म्हणूनच जन्मलेल्या वास्तूंचे तसे नव्हते. पंधराव्या शतकातील हमजा बे मशिदीत दुकाने आणि चित्रपटगृहही चालले. त्या मानाने येनी जामीच्या वाट्याला बरे दिवस आले, असेच म्हणावे लागेल.

१९८० च्या दशकापासून नगरपालिका येथे प्रदर्शने आणि कार्यक्रम भरवते. २०१३ मध्ये ईशान्य ग्रीसच्या थ्रेस भागातील कोमोतिनी येथील मदरशाच्या विद्यार्थ्यांना येथे नमाज पढण्याची परवानगी मिळाली. १० एप्रिल २०२४ रोजी ईदच्या नमाजासाठी ती पुन्हा उघडली गेली. एरवी तिचा वापर प्रदर्शनगृह म्हणूनच होतो.