रिकाम्या हौद्याची गाडी आणि बर्फाचा रस्ता

पिकअप ही मुळात ओझी वाहायला बांधलेली गाडी. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या, मागचा ॲक्सल, चासी, सगळं भरलेल्या हौद्याचा हिशेब धरून केलेलं असतं. पण बहुतेक पिकअप बहुतेक दिवस रिकाम्याच फिरतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन पुढे असल्यामुळे अशा गाडीचं साधारण 40 टक्केच वजन मागच्या चाकांवर पडतं. कोरड्या डांबरावर हे जाणवत नाही, बर्फावर मात्र सगळा खेळ तिथेच असतो.

चाकाला रस्त्याची पकड किती मिळेल, हे चाकावरचं वजन आणि घर्षणगुणांक (रस्ता किती धरून ठेवतो, त्याचा आकडा) यांच्या गुणाकारावरून ठरतं. कोरड्या डांबरावर हा गुणांक 0.7 ते 0.8, दाबून बसलेल्या हिमावर 0.2 ते 0.3 आणि काचेसारख्या बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. आता हिमाचा 0.2 धरा आणि फक्त मागची चाकं ओढणारी रिकामी पिकअप घ्या. वजनाचे 40 टक्के गुणिले 0.2 म्हणजे 0.08. म्हणजे साधारण 8 टक्क्यांचा चढ आला की मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागणार. चारही चाकांना ताकद मिळाली तर तीच गाडी 20 टक्क्यांच्या आसपासचा चढ चढेल. फोर-व्हील ड्राइव्हचं कौतुक होतं ते उगीच नाही.

मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती टाकायचा जुना उपाय मात्र वाटतो तेवढा जादूचा नाही. 2,200 किलोच्या गाडीत 200 किलो वाळू टाकली तर मागच्या चाकांचा वाटा 40 वरून 45 टक्क्यांवर जातो, आणि चढाची मर्यादा 8 वरून जेमतेम 9 टक्क्यांवर. तरी पोती ठेवावीत, कारण हलकी शेपटी वळणावर बाहेर फेकली जाण्याचा धोका कमी होतो, आणि गाडी रुतलीच तर चाकाखाली टाकायला वाळू हाताशी असते. फक्त ती करकचून बांधायला हवीत. जोरात ब्रेक लागला की सुटं पोतं केबिनच्या दिशेनेच येतं.

गाडी हलवण्याचं झालं, पण थांबवण्याचं काय? ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून सुमारे 14 मीटरमध्ये थांबते. गुणांक 0.1 असलेल्या बर्फावर त्याच गाडीला 98 मीटर लागतात. या आकड्यात फोर-व्हील ड्राइव्ह कुठेच येत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतोच. उलट सहज वेग घेणारी गाडी चालवणाऱ्याला रस्त्याबद्दल खोटा भरवसा देते. म्हणून माझं मत असं की शोरूममध्ये पहिला प्रश्न इंजिनाचा नको, टायरचा हवा.

टायरचं रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायरची पकड साधारण 7 अंश सेल्सिअसखालीच मंदावते. हिवाळी टायरचं मिश्रण गारठ्यातही लवचीक राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने पाडल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. खाचांत हिम भरलं तर ते वाईट नाही, कारण हिम हिमाला चांगलं धरतं. चिखलासाठीचे दांडगे ठोकळेदार टायर दिसायला रांगडे असले तरी गुळगुळीत बर्फावर लंगडे पडतात, चिरा कमी म्हणून. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघावी, ती हिमावरची चाचणी पार केल्याची असते. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) लिहिलेलं पुरत नाही.

आणखी एक गंमत. उणे 20 अंशांच्या बर्फापेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त घातक असतो. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असावा, असं मायकेल फॅरेडे यांनी 1850 मध्येच सुचवलं होतं. वितळणबिंदू जवळ येतो तसा तो थर जाड होतो.

फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायचीच तर प्रकार विचारून घ्या. साध्या प्रकारात पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. वळताना दोन्हींना वेगवेगळं अंतर कापायचं असल्याने कोरड्या रस्त्यावर दातेऱ्यांवर ताण येतो. रस्ता एक मैल बर्फाळ, पुढचा मैल कोरडा असा असेल तर आपोआप जुळवून घेणारा प्रकार बरा. मागचं डिफरन्शियल, म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेऱ्यांची जोडणी, जखडणारं लॉकही कामाचं, कारण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि एक चाक बर्फावर असेल तर त्याला पेलेल तेवढाच.

या सगळ्याआधी गाडी चालू व्हायला हवी. उणे 18 अंशांत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद बरीच घटते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल सेल्फवर जास्त भार टाकतं. बॅटरीवरचा ‘कोल्ड क्रँकिंग’चा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, आकडा याच तापमानाला मोजलेला असतो, तो मोठा असलेला बरा. रात्रभर इंजिन कोमट ठेवणारा विजेवरचा ब्लॉक हीटर मिळत असेल तर सोडू नये. डिझेल गाडीत हिवाळी डिझेलही लागतं, नाहीतर इंधनातलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. कूलंटमध्ये मात्र हात सैल सोडू नका. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं, निम्मं पाणी घातलं की उणे 37 पर्यंत तग धरतं.

एलईडी दिवे उष्णता कमी टाकतात, त्यामुळे त्यांच्या काचेवर साचलेलं हिम वितळत नाही, हातानेच झाडावं लागतं. तापणारे आरसे मागून घ्यावेत, तापणारी सीट चैन म्हणून.

राहिलं मीठ. रस्त्यावर टाकलेलं मीठ चासीच्या सांध्यांत जाऊन बसतं, म्हणून गंजरोधक लेप आणि खालून धुणं दोन्ही हवं. गंजाची रासायनिक क्रिया थंडीत मंद असते, उबेत वेग घेते. त्यामुळे खारट चिखल घेऊन रोज गरम गॅरेजमध्ये मुक्काम करणारी पिकअप बाहेर गारठत उभ्या असलेल्या पिकअपच्या आधी गंजू शकते.