ट्रान्सफर म्हणजे खर्च नव्हे, निदान इम्पोर्ट करताना तरी लक्षात ठेवा

एक्सेल नाहीतर मोबाइल अ‍ॅपमधला आठ-दहा वर्षांचा हिशोब ग्नूकॅश या हिशोबाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकणाऱ्यांचा (म्हणजे इम्पोर्ट करणाऱ्यांचा) प्रश्न फिरून फिरून तोच, "पगार ऐंशी हजार, मग महिन्याचा खर्च सव्वा लाख कसा दाखवतोय?" त्यावर सल्ले येतात की सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी) फाइल गंडली असेल, कॉलम चुकला असेल, सॉफ्टवेअरच फुकटातलं आहे. अहो, बग वगैरे काही नाहीये, तुम्ही खर्च आणि ट्रान्सफर एकत्र कालवलेत.

खर्च म्हणजे काय ते सांगत बसत नाही. किराणा, पेट्रोल, वीजबिल, मुलांची फी, गेले ते गेले. ट्रान्सफर म्हणजे या खिशातून त्या खिशात. हे ऐकून सगळे मान डोलावतात आणि मग जाऊन "क्रेडिट कार्ड बिल" नावाची खर्चाची कॅटेगरी उघडतात. त्या कॅटेगरीवर माझा खास राग आहे. "सेव्हिंग्ज" नावाच्या खर्चाच्या कॅटेगरीवरही आहे, कारण एसआयपी आणि पीपीएफ खर्चात धरणारी माणसं चांगली बचत करत असूनही आपण फार उधळे आहोत असं समजून हळहळत असतात.

कसोटी एकच, ही एन्ट्री पडल्यावर तुमच्याकडचं एकूण धन, म्हणजे सगळी शिल्लक वजा सगळं देणं, कमी झालं का? झालं तर खर्च, नाही झालं तर ट्रान्सफर. आता कार्ड घ्या. १२ तारखेला चार हजारांचे बूट कार्डवर घेतले तेव्हाच तुमचं देणं चार हजारांनी वाढलं, म्हणजे खर्च त्याच दिवशी झाला, बँकेतून एक रुपया हलला नसला तरी. पुढच्या महिन्यात बिल भरलं तेव्हा बँकेतले चार हजार गेले आणि देणंही चार हजारांनी उतरलं, धन होतं तेवढंच. तिथे पुन्हा खर्च लिहिला की बूट आठ हजारांचे झाले. दर महिन्याला तीस-चाळीस हजार कार्डवर जात असतील तर वरचा सव्वा लाख कुठून आला ते कळलं असेल.

रोजच्या रोज हाताने लिहिताना हे एवढं जाचत नाही, जुनं आणताना जाचतं, कारण प्रत्येक ट्रान्सफर दोन स्टेटमेंटमध्ये असते, बँकेच्या फाइलमध्ये नावे आणि कार्डच्या फाइलमध्ये जमा. ग्नूकॅशचा इम्पोर्टर दुसरी फाइल वाचताना रक्कम आणि तारीख बघून "ही एन्ट्री आधीच आहे वाटतं" असं सुचवतो, पण तो शोधतो फक्त त्या खात्यात ज्यात तुम्ही आत्ता इम्पोर्ट करताय. म्हणजे बँकेची फाइल टाकताना बिलाची दुसरी बाजू कार्डच्या देणं-खात्यावर दिली असेल तरच कार्डची फाइल टाकताना ती जोडी सापडणार. तुम्ही ती खर्चाच्या कॅटेगरीत टाकली असेल तर त्या बिचाऱ्याला सापडणार काय? तो मुकाट्याने नवी एन्ट्री करतो. तेव्हा बँक आधी, ट्रान्सफर नीट नेमून द्यायच्या, मग कार्ड, आणि जोडी सापडल्यावर "ए"चा (नवी एन्ट्री कर) टिक काढून "सी" (आधीच्या एन्ट्रीशी जुळव) ठेवायचा.

जुन्या सॉफ्टवेअरमधून क्यूआयएफ (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा एक फाइल-फॉरमॅट) निघत असेल तर अजून बरं. त्यात कॅटेगरीच्या जागी चौकोनी कंसात नाव असेल तर ते खातं, म्हणजे ती ट्रान्सफर. काही हुशार लोक फाइल "स्वच्छ" करताना ते कंसच उडवतात आणि मग सगळ्या ट्रान्सफर कॅटेगऱ्या होऊन बसतात. हात लावू नका. आणि सगळ्या खात्यांच्या क्यूआयएफ फाइल्स एकाच वेळी लोड करा, एकेक करून नको, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात.

बाकी तारखेचा फॉरमॅट (०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, आर्थिक वर्षच बदलतं) आणि १,२५,००० मधले स्वल्पविराम, हे इम्पोर्टच्या आधी बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

खरी गंमत अर्धवट प्रकारांत. होमलोनचा हप्ता धड खर्च नाही आणि धड ट्रान्सफरही नाही. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याज, तो खर्च, आणि उरलेले ४,७८५ मुद्दल, ती ट्रान्सफर, कारण तेवढं देणं कमी झालं. दर महिन्याला हे प्रमाण सरकतं, म्हणून बँकेकडून लोनचं स्टेटमेंट घ्या आणि एन्ट्री स्प्लिट करा, म्हणजे तिचे व्याज आणि मुद्दल असे दोन भाग पाडा. एफडीचं उलट, लाख ठेवले आणि एक लाख सात हजार आले तर उत्पन्न फक्त सात हजार, लाख ही ट्रान्सफर. मित्राने हॉटेलच्या बिलातला वाटा यूपीआयने परत दिला तर ते उत्पन्न नाही, त्याच खर्चातून वजा करा. आणि एटीएममधून काढलेले पैसे "कॅश" खात्यात ट्रान्सफर; पुढे एकेक वडापाव लिहायचा कंटाळा असेल तर महिन्याअखेर पाकिटातले मोजून फरक "किरकोळ"मध्ये टाका, माझी काही हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः बिल खर्चात टाकायला सांगेन. २०१५-१६ची कार्ड स्टेटमेंट्स कुठेच मिळत नाहीयेत, फक्त बँकेत बिल भरल्याच्या नोंदी आहेत, तर त्या वर्षांपुरता तोच तुमच्या खर्चाचा एकमेव पुरावा. तेव्हा "जुनं कार्ड, तपशील नाही" अशी कॅटेगरी करा, पण मग त्या काळातली कार्डची एकही फाइल टाकायची नाही. एक तारीख ठरवा, १ एप्रिल सोयीची, तिच्या आधी बिल म्हणजे खर्च, तिच्यानंतर बिल म्हणजे ट्रान्सफर. आणि त्या दिवशी कार्डवर जेवढं देणं होतं तेवढं ओपनिंग बॅलन्स म्हणून लिहायला विसरू नका, नाहीतर एप्रिलमध्ये मार्चचं बिल भरल्याबरोबर कार्डवाली बँकच तुमचं देणं लागते असं दिसायला लागेल.