पॉलिमर क्लेचा खिलार बैल आणि त्याचं मोडणारं शिंग

घरी केलेली पॉलिमर क्लेची खेळणी मोडतात, ती बहुतेक वेळा कच्ची भाजल्यामुळे. जळेल या धास्तीने ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, दहा मिनिटांत बंद केला जातो, गार झाल्यावर खेळणं टणक लागतं आणि दोन दिवसांनी कान कट्कन तुटून हातात येतो. मग क्लेच वाईट निघाली असं समजून दुसरं पाकीट आणलं जातं. खरं तर पहिलीच क्ले पुरेशी भाजली असती तर कान वाकला असता, तुटला नसता.

नावात क्ले असली तरी ही माती नव्हे. ज्या पीव्हीसीचे पाण्याचे पाइप होतात, त्याचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलासारखं प्लॅस्टिसायझर, थोडी भरीची भुकटी आणि रंग एवढंच तिच्यात असतं. शाडू वाळते ती तिच्यातलं पाणी उडाल्यामुळे. इथे पाणीच नाही, म्हणून ही क्ले आठवडाभर टेबलावर राहिली तरी वाळत नाही. (ती पाण्यात विरघळतही नाही. विसर्जनाचा गणपती हिचा करू नका, त्याला शाडूच हवी.)

तापवल्यावर प्लॅस्टिसायझर पीव्हीसीच्या कणांत शिरतं, कण फुगून एकमेकांना टेकतात आणि शेजारशेजारच्या कणांतल्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींत गुंततात. खेळण्याची मजबुती या गुंत्यात असते आणि गुंता व्हायला तापमान जितकं लागतं तितकाच वेळही लागतो. अर्धवट भाजलेलं खेळणं राजगिऱ्याच्या लाडवासारखं असतं: आकार नीट दिसतो, पण दाण्याने दाणा सुटतो.

या क्लेचा उगम बाहुल्यांच्या घरातलाच आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रुझ यांची मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी, हिने हा पदार्थ कलाकामासाठी वापरात आणला. १९६४ मध्ये तो एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेला आणि ‘फिफी’ व ‘मोझाइक’ मिळून ‘फिमो’ हे नाव पडलं.

आता बैल करू. पोळ्याचाच, आणि खिलार: पांढरा, उंच वशिंडाचा, मागे वळलेल्या लांब शिंगांचा. पाच सेंटिमीटर लांबीच्या धडासाठी पांढऱ्या क्लेचं ५७ ग्रॅमचं एक पाकीट पुरून उरतं. शिंगं आणि खुरांसाठी चिमूटभर काळी लागेल. पांढरं काम आधी संपवा, काळ्याला शेवटी हात लावा, कारण बोटाला लागलेला काळा रंग पांढऱ्यावर उतरला की निघत नाही. सुती कपड्याचे तंतूही पांढऱ्या क्लेवर फार दिसतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून येतात.

क्ले आधी पाच-सात मिनिटं मळा. घडी घालून वाकवल्यावर कडेला चिरा पडेनाशा झाल्या की झालं. भुगा होत असेल तर दोन थेंब बेबी ऑइल घाला. उलट, एप्रिल-मेच्या उकाड्यात क्ले बोटांना चिकटायला लागते. तेव्हा ती लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवा. कागदावर तेलकट डाग उमटतो, तेच जास्तीचं प्लॅस्टिसायझर.

धडाच्या पोटात ॲल्युमिनियम फॉइल घाला. तीस सेंटिमीटर चौरस तुकडा चुरगळून, टेबलावर घट्ट लाटून चार सेंटिमीटरची गुळगुळीत वळकटी करा. फॉइल सैल राहिली तर आतली हवा तापून फुगते आणि पोटाला चीर जाते. वळकटीवर सगळीकडे पाच मिलिमीटर जाडीचा थर चढवा, साधारण १८ ग्रॅम. पायांना प्रत्येकी तीन ग्रॅम, डोक्याला चार, मानेला तीन, वशिंडाला एक. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीसाठी, म्हणजे पोळीसाठी, क्लेची लाटलेली पातळ पट्टी घ्या. ती मानेला चिकटवून बोटाने सांधा पुसून टाका. प्रत्येक पायात एक मिलिमीटर जाडीची तार घालून ती धडात दोन सेंटिमीटर खुपसा, नाहीतर भाजताना पाय फाकतात.

शिंगांकडे जास्त लक्ष द्या. तीन-साडेतीन सेंटिमीटरचं शिंग नुसत्या क्लेचं केलं तर भट्टीतच लवतं, कारण गरम असेपर्यंत पीव्हीसी मऊच असतं. म्हणून एकच तार डोक्यातून आरपार घाला, दोन्ही टोकांना शिंगाचा बाक द्या आणि तारेला पांढऱ्या डिंकाचा, म्हणजे फेव्हिकॉलचा, पातळ हात लावून वाळू द्या. कोऱ्या तारेवर क्ले गोल फिरते, डिंकावर पकड घेते. मग मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती अशी काळी क्ले चढवा. तारेचं टोक उघडं राहू देऊ नका.

भाजताना ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. तो वीस-तीस अंशांनी सहज चुकतो. ओव्हनचा सुटा थर्मामीटर ट्रेवर, बैलाच्या शेजारी ठेवा. तापमान पाकिटावर असतं तेच घ्या: फिमोला ११० अंश सेल्सिअस, स्कल्पी या दुसऱ्या ब्रँडच्या बऱ्याच प्रकारांना १३०. जुन्या फरशीच्या तुकड्यावर कोरा कागद, त्यावर बैल, आणि वरून फॉइलचं झाकण, बैलाला न टेकणारं. लाल झालेल्या कॉइलची धग थेट लागली तर पांढरा बैल पाठीवर तपकिरी होतो. जास्त तापलं की पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि उरलेल्या साखळ्या प्रकाश शोषू लागतात, तो हा रंग. १७५ अंशांच्या पुढे हा वायू नाकाला झोंबेल इतका येतो. तसं झालं तर भट्टी बंद करा, खिडक्या उघडा, खोलीबाहेर पडा. मायक्रोवेव्हमध्ये हे काम कधीच करू नका. आणि या कामाचं लाटणं-ताटली पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

वेळ मोजायची ती थर्मामीटर ठरल्या आकड्यावर आल्यापासून. सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास सांगतात. या बैलाला पाऊण तास द्या. तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने क्ले बिघडत नाही, कमी वेळाने नक्की बिघडते. सोबत त्याच क्लेची तीन मिलिमीटर जाडीची पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे. मोडली तर बैल पुन्हा भट्टीत घाला. ही क्ले कितीही वेळा भाजता येते. गरम बैल दाबून ‘अजून मऊ आहे’ असं ठरवू नका. भट्टी बंद करून, दार किंचित उघडं ठेवून तो आतच गार होऊ द्या. एकदम बाहेर काढला तर वशिंडाच्या मुळाशी, जिथे जाडी बदलते तिथे, चीर जाते.

रंगवायला पाण्यातले ॲक्रिलिक घ्या. शिंगांना चमक हवी म्हणून नेलपॉलिश लावलं तर त्यातला द्रावक क्लेत मुरतो आणि शिंगं चिकट होतात, ती महिनोन्महिने तशीच. प्लॅस्टिसायझर दुसऱ्या प्लॅस्टिकमध्येही उतरतं, म्हणून उरलेली कच्ची क्ले कडक पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डबीत ठेवू नका. डबी विरघळून क्लेला चिकटते. तळाशी त्रिकोणात ५ लिहिलेला पॉलिप्रोपिलीनचा डबा चालतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मात्र हा बैल देऊ नका. शिंग तुटलं तर आतली तार उघडी पडते.