कर भरतो दुकानदार, सोसतो कोण?
आमच्याकडे जीएसटीचं काम देणाऱ्या इंदूरमधल्या व्यापाऱ्यांसाठी माहितीपत्रक

कराचा दर बदलला की सियागंज असो वा क्लॉथ मार्केट, विचारणा एकच असते: आता भाव किती ठेवायचा? दर सरकार ठरवतं, तो कागदावर स्पष्ट असतो. पण त्यातला किती भाग गिऱ्हाइकावर जाईल आणि किती आपल्या नफ्यातून जाईल, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. ते बाजारात ठरतं.

आधी गिऱ्हाइकाची बाजू पाहू. एखाद्याच्या मनात असतं की शेव किलोला २३० रुपयांपर्यंत परवडेल. दुकानात भाव २०० निघाला. वाचलेले ३० रुपये म्हणजे त्याचा फायदा. अर्थशास्त्रात याला उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. ही कल्पना १८४४ मध्ये ज्यूल्स ड्युपुई या फ्रेंच अभियंत्याने पूल-रस्त्यांसारख्या सार्वजनिक कामांचा उपयोग मोजताना मांडली. पुढे १८९० मध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी ती रूढ केली. हे ३० रुपये कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. पण भाव वाढला की सगळ्यात आधी तेच कमी होतात, आणि संपले की गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

आता कर लावून पाहू. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून धरले आहेत. एका बाजारात शेव २०० रुपये किलो आहे आणि आठवड्याला २०० किलो खपते. भाव एक रुपयाने वाढला की खप २ किलोने घटतो. ३०० रुपयांना कुणीच घेत नाही. विकणाऱ्यांचंही तसंच: हाती येणारा पैसा रुपयाने कमी झाला की ते २ किलो माल कमी काढतात, आणि १०० रुपयांखाली कढईच चढत नाही. आलेख काढला तर गिऱ्हाइकांचा फायदा हा एक त्रिकोण होतो: ३०० आणि २०० मधला फरक १००, त्याला खपाच्या २०० ने गुणा, त्याचा निम्मा, म्हणजे १०,००० रुपये. विक्रेत्यांचाही तेवढाच.

किलोमागे २० रुपये कर लागला. भाव २२० होईल असं वाटतं, पण तो २१० वर थांबतो. कारण २२० ला गिऱ्हाईक फक्त १६० किलो मागेल, तर हाती पूर्वीइतकेच २०० येत असल्याने विक्रेते २०० किलो काढतील. माल उरेल आणि भाव खाली येईल. २१० ला हिशेब जुळतो. विक्रेत्याच्या हाती १९० येतात, खप १८० किलो होतो. सरकारकडे ३,६०० रुपये जमा होतात. गिऱ्हाइकांचा फायदा १०,००० वरून ८,१०० वर येतो, विक्रेत्यांचाही तसाच. दोघांचं मिळून ३,८०० गेलं आणि सरकारला मिळालं ३,६००. मधले २०० रुपये कुणालाच मिळाले नाहीत. जी २० किलो शेव तळलीच गेली नाही, तिचा हा तोटा. काउंटरवर तो असा दिसतो: अर्धा किलो नेणारा पाव किलोवर येतो.

कर दुप्पट म्हणजे ४० रुपये केला, तर हा तोटा दुप्पट होत नाही. खप १६० किलोवर येतो आणि तोटा ८०० रुपये होतो, म्हणजे चौपट. मोठा दर बाजाराला एवढा लागतो तो यामुळे.

वरच्या उदाहरणात भार निम्मा-निम्मा वाटला गेला, कारण दोन्ही बाजू सारख्याच लवचिक धरल्या, म्हणजे भाव बदलला की दोघेही सारखेच मागे हटतात. खऱ्या बाजारात ज्याला मागे हटता येत नाही त्याच्यावर भार जास्त पडतो. रोजचं औषध घेणारा दहा-वीस रुपयांसाठी गोळी टाळत नाही, म्हणून तिथे कर जवळजवळ पूर्ण गिऱ्हाइकावर जातो. संध्याकाळपर्यंत खराब होणारी माव्याची मिठाई सकाळीच बनवून ठेवलेल्याला मात्र माल अडवून धरता येत नाही. शेजारी तीच मिठाई मिळत असेल तर कराचा बराच भाग त्याच्याच नफ्यातून जातो.

कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांना नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. करापूर्वीचा भाव २,५०० असेल तर गिऱ्हाईक २,६२५ देतो. २,५०१ केला तर तेच बिल २,९५१ च्या वर जातं. एका रुपयासाठी सव्वातीनशेचा फरक. ज्याची तयारी २,८०० पर्यंत होती त्याचे पहिल्या भावात १७५ रुपये वाचत होते. दुसऱ्या भावात तो कुर्ता ठेवून निघून जातो. २,५०१ पासून पुढचे काही शे रुपयांचे भाव म्हणूनच टाळावेत. सवलत बिलावरच दाखवून उरलेली रक्कम २,५०० च्या आत येत असेल तर ५ टक्केच लागतो. सवलत आधी वजा करावी, मग कर.

दर कमी होतो तेव्हा सर्वात जास्त चुका वजाबाकीत होतात. पाकीटबंद नमकीनवर त्याच तारखेपासून १२ ऐवजी ५ टक्के आहे. कर धरून ११२ रुपयांचं पाकीट असेल तर ११२ मधून ७ टक्के काढू नका, त्याने १०४.१६ येतात आणि प्रत्येक पाकिटामागे आपल्या मूळ किमतीतले ८० पैसे जातात. आधी ११२ ला १.१२ ने भागा, मूळ किंमत १०० येईल. मग ५ टक्के लावा, भाव १०५. कर धरलेल्या भावातून ५ टक्क्यांचा कर वेगळा काढायचा तर १०५ ने भागून ५ ने गुणावं: २१० रुपयांत तो १० रुपये.

कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असणाऱ्यांची एक अडचण आमच्याकडे वारंवार दिसते. विक्रीवर १ टक्का भरायचा असतो, पण तो बिलावर वेगळा लावता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. हे दोन्ही खर्च भाव ठरवतानाच धरावे लागतात. वर्षअखेरीला ते गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. अशांनी टॅक्स इन्व्हॉइस न देता बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर वेगळा न लावलेलं बिल, द्यावं आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर वसूल करू शकत नाही, हे त्यावर छापावं.

भाव बदलण्याआधी आमच्याकडे येताना तीन गोष्टी आणा: मागच्या तीन महिन्यांचा वस्तुवार खप, खरेदीची बिलं, आणि शेजारच्या दोन दुकानांतला त्याच मालाचा आजचा भाव. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि भार कुणावर पडेल हे तिच्यावरूनच सर्वात लवकर कळतं.