दवाखाना बंद का पडतो: आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संपांची पार्श्वभूमी

साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाने ओळखले जाते, तर सांगलीचे सिव्हिल पद्मभूषण वसंतदादा पाटील यांच्या. दोघेही 1942 च्या चळवळीतले. एकाने जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे केले, तर दुसऱ्याने 24 जुलै 1943 रोजी सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह पलायन करताना गोळी झेलली. पुढे हेच वसंतदादा मुख्यमंत्री असताना राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी 14 डिसेंबर 1977 पासून केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून पुकारलेला संप 54 दिवस चालला आणि र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याने महाराष्ट्रातील सरकारी नोकरांच्या संघटनांना त्यांचे आजचे बळ दिले. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका आणि कंत्राटी आरोग्य कर्मचारी यांनी काम थांबवावे का, हा प्रश्न दर एक-दोन वर्षांनी वर येतो तेव्हा तो बहुधा हक्क विरुद्ध सेवाधर्म अशा भाषेत मांडला जातो. संपाआधी दिलेल्या निवेदनांचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

या भागात रुग्णसेवेची कल्पना प्रथम रुजली ती मिशनच्या अंगणात. अमेरिकन मिशनचे, मूळ कॅनडातले डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले आणि काही दशकांत मिरज हे दक्षिण महाराष्ट्रासह उत्तर कर्नाटकाचे उपचारकेंद्र बनले. रेल्वे जंक्शनमुळे लांबचे रुग्ण येणे सोपे झाले, हेही त्या वाढीचे मोठे कारण. मिशनच्या चौकटीत डॉक्टर हा व्रतस्थ, रुग्ण हा उपकृत आणि पगार ही दुय्यम बाब होती, त्यामुळे संपाचा विचार तिथे सहजासहजी शिरणे शक्य नव्हते. आजही एखादा संप झाला की ‘डॉक्टर म्हणजे देव’ हे वाक्य ज्या रागाने ऐकवले जाते, त्या रागामागे या जुन्या चौकटीचा वाटा आहे, असे मला वाटते.

1962 मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि चित्र बदलले. शिकवणाऱ्या रुग्णालयाचा खरा भार पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांवर असतो. ओपीडीतील गर्दी, वॉर्डातील रात्रपाळी, अपघात विभागात येणारा प्रत्येक नवा रुग्ण आणि त्याच्या चिडलेल्या नातेवाइकांशी बोलणे हे सगळे त्यांच्याकडे असते. कागदोपत्री मात्र ते विद्यार्थी ठरतात आणि त्यांना मिळते ते वेतन नसून विद्यावेतन असते. या दुहेरी स्थितीतूनच निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेचे बहुतेक लढे निघाले. विद्यावेतन वाढवा, ते वेळेवर द्या, वसतिगृहे दुरुस्त करा, रिक्त जागा भरा, सुरक्षारक्षक नेमा, या मागण्या गेल्या दोन-तीन दशकांतील जवळजवळ प्रत्येक संपात दिसतात. 2 जानेवारी 2023 च्या राज्यव्यापी संपात वरिष्ठ निवासी डॉक्टरांची 1,432 पदे निर्माण करण्याची आणि वसतिगृहांची मागणी होती. दुसऱ्याच दिवशी आश्वासन मिळाले आणि संप मिटला. फेब्रुवारी 2024 मध्ये मार्ड पुन्हा संपावर गेली, आणि त्यानंतर विद्यावेतनात दरमहा 10,000 रुपयांची वाढ मंजूर झाली.

मार्डचा इतिहास केवळ विद्यावेतनाचा नाही. 1983 च्या सुमारास वसंतदादांच्याच सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय 1984 चे, म्हणजे त्याच लाटेतले. त्याच वर्षी निवासी डॉक्टरांनी कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी देणगी, घेणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांविरुद्ध संप केला होता. तो फसला आणि खासगी महाविद्यालये वाढत गेली. सातारा जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला मात्र 2021 उजाडले. या 37 वर्षांच्या अंतराचा संपाशी थेट संबंध आहे. पर्यायी सरकारी रुग्णालये कमी असतील तर एका ठिकाणचा संप शेकडो गावांना लागतो. मिरजेची ओपीडी बंद पडली तर जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा सीमेपलीकडच्या अथणीहून आलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून परत जाणे, नाहीतर समोरच्या खासगी दवाखान्यात कर्ज काढून दाखवणे.

हिंसाचार हे संपाचे दुसरे मोठे कारण. महाराष्ट्राने 2010 मध्ये वैद्यकीय सेवेतील व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हल्ले रोखण्यासाठी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे, शिवाय गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तरीही 12 मार्च 2017 रोजी धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकी मारहाण केली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि पाठोपाठ इतर शहरांतूनही हल्ल्यांच्या बातम्या आल्या. 20 मार्चपासून सुमारे 4,000 निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने डॉक्टरांना कामावर परतण्यास सांगितले, तर सरकारने 1,100 सुरक्षारक्षक टप्प्याटप्प्याने नेमण्याची आणि एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याची हमी दिली. कायद्याला सात वर्षे झाली असताना रखवालदार मिळवण्यासाठी पाच दिवस काम थांबवावे लागले, ही गोष्ट मला त्या संपाच्या नैतिकतेइतकीच महत्त्वाची वाटते. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या बलात्कार आणि खुनानंतर देशभर हेच घडले. 17 ऑगस्टला इंडियन मेडिकल असोसिएशनने 24 तासांचा बंद पाळला, महाराष्ट्रातील मार्डही संपावर गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राष्ट्रीय कृती दल नेमल्यावरच डॉक्टर परतू लागले.

खासगी डॉक्टरांचे बंद या मालिकेत वेगळे काढायला हवेत. डिसेंबर 2020 मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना शस्त्रक्रियांची मुभा देण्याविरुद्ध, किंवा 18 सप्टेंबर 2025 रोजी एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद करण्याविरुद्ध जे बंद झाले, ते व्यवसायाच्या सीमेसाठी होते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात 1 जुलै 1962 पासून डॉक्टरांनी सरकारी आरोग्य विम्याविरुद्ध केलेला 23 दिवसांचा संप याच जातीचा. तिथे विमा टिकला आणि पुढे देशभर पसरला. अशा बंदांत रुग्णसुरक्षेचा मुद्दा खरा असू शकतो, पण सांगली-साताऱ्याच्या कित्येक गावांत रात्री दार उघडणारा एकमेव डॉक्टर होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर असतो, हेही खरे. त्या गावाचे मत या वादात कोणी विचारत नाही.

कायद्याची भूमिका तुलनेने स्पष्ट आहे, किंबहुना एका बाजूनेच स्पष्ट आहे. 1962 च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांना संरक्षण दिले, मात्र संप हा मूलभूत हक्क मानला नाही. 2003 च्या टी. के. रंगराजन निकालात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही असे म्हटले गेले. दरम्यान 1989 च्या परमानंद कटारा निकालाने अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार देणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले, आणि 1996 मध्ये पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे असे सांगितले. आपल्याकडचे संप बहुतेक वेळा अत्यावश्यक विभाग वगळून होतात, त्यामागे हीच मर्यादा आहे. पण 1996 च्या निकालाचा रोख सरकारवर होता, डॉक्टरांच्या संपावर नव्हे. पुरेशा खाटा, माणसे आणि सोय उभी करण्याचे दायित्व त्याने शासनावर टाकले होते, आणि हा अर्धा भाग संपाच्या काळात कोणी उद्धृत करत नाही.

राज्याच्या हातातले हत्यार म्हणजे संपावर बंदी घालू देणारा अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, बोलीभाषेत मेस्मा. जुलै 2014 च्या पहिल्या आठवड्यात राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मॅग्मो संघटनेने संप केला तेव्हा वारी पंढरपूरच्या वाटेवर होती आणि आषाढी एकादशी 9 जुलैला होती. लोणंद-फलटण मार्गावरच्या आरोग्य केंद्रांना वर्षातला सर्वांत मोठा भार याच दिवसांत पेलावा लागतो, त्यामुळे त्या संपावर झालेली टीका समजण्यासारखी होती. पण अस्थायी डॉक्टरांना नियमित करण्याची त्यांची मागणी त्या आठवड्यात जन्मलेली नव्हती. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी 14 तारखेला संपावर गेले, आणि त्याच सुमारास विधिमंडळाने मुदत संपलेला मेस्मा नव्याने संमत केला. त्या आठवड्यात परिचारिका आणि रुग्णालयीन कर्मचारीही बाहेर होते.

आशा सेविकांचा मामला आणखी निराळा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 2005 मध्ये निर्माण झालेले हे पद कागदावर स्वयंसेविकेचे आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. मार्च 2020 मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातून करोनाची साखळी पसरली, आणि पुढच्या महिन्यांत गावोगाव घरोघरी जाऊन तपासणीचे काम याच बायकांनी केले. जून 2021 मध्ये राज्यातील सुमारे 70,000 आशांनी सात-आठ दिवसांचा संप केल्यावर त्यांना 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मिळाला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. तेव्हा जाहीर झालेल्या वाढीचा शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारी 2024 मध्ये तिसऱ्यांदा संप करावा लागला, आणि निर्णय निघाला मार्चमध्ये. जाहीर झालेलीच गोष्ट कागदावर उतरवून घेण्यासाठी झालेला हा संप माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. मे 2022 मध्ये परिचारिकांनी बाह्यस्रोतांतून भरतीला विरोध म्हणून केलेले काम बंद आंदोलन आणि ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी नियमित सेवेत समायोजनासाठी केलेला दीर्घ संप त्याच जातकुळीचे.

संपामुळे माणसे मरतात का, याचाही अभ्यास झाला आहे. 1976 ते 2003 या काळातील पाच डॉक्टर-संपांचा 2008 मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा संपकाळात मृत्युदर तेवढाच राहिला किंवा घटला असे आढळले. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि तातडीचे विभाग चालू राहिले, ही त्यामागची मुख्य कारणे. संघटना हा निष्कर्ष आवडीने सांगतात. पण मृत्युदरात न दिसणारे नुकसान बरेच असते: पुढे गेलेली बायोप्सी, तुटलेला क्षयाचा औषधोपचार, केसपेपर काढून रिकाम्या हाताने परतलेली बाळंतीण. ते कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि ते प्रामुख्याने गरिबाच्या वाट्याला येते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या समित्यांनी यावर बऱ्याच वर्षांपूर्वी एक व्यवहार्य भूमिका घेतली आहे. रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवांत संपावर बंदी घालता येते, मात्र तिच्या बदल्यात कर्मचाऱ्यांना तटस्थ, जलद आणि दोन्ही पक्षांवर बंधनकारक असा लवाद मिळाला पाहिजे. भारताने संघटनस्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार स्वीकारलेले नाहीत. मेस्मात संपबंदी आहे आणि शिक्षाही आहे, पण निवासी डॉक्टरचे किंवा आशाचे गाऱ्हाणे किती दिवसांत आणि कोणी निकाली काढायचे, याला त्यात जागा नाही. संप चुकीचा असे म्हणणाऱ्यांनी या रिकाम्या जागेत काय ठेवायचे ते सांगितले, तर त्यांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटेल.

ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मृत्यूने हा विषय थेट सातारा जिल्ह्यात आणला. तळहातावरच्या मजकुरात तिने एका पोलिस उपनिरीक्षकावर आणि आणखी एकावर गंभीर आरोप केले होते. दोघांना अटक झाली आणि विशेष तपास पथक नेमले गेले. आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. वैद्यकीय कामात दबाव येत असल्याबद्दल तिने हयातीत लेखी तक्रार केली होती, असेही वृत्त प्रसिद्ध झाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मार्डने राज्यभर ओपीडीवर बहिष्कार टाकला आणि अत्यावश्यक विभाग चालू ठेवले. त्या बहिष्कारावर तालुक्यातालुक्यांत मते पडली, पण जिल्हा पातळीवर अशी तक्रार स्वीकारून ठराविक मुदतीत उत्तर देण्याचे बंधन कोणावर असावे, ही चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.