पार्श्वभूमी : धडा मराठीत सापडतो, पण आपल्या पुस्तकातला नसतो

जून उजाडला की कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकच मागणी फिरू लागते. "सहावीच्या विज्ञानाचं मराठीतून काही असेल तर टाका ना." तासाभरात पाच-सहा लिंक येतात. काही महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाच्या असतात, बाकीच्या कन्नडमधल्या. महाराष्ट्राचा व्हिडिओ मुलांना समजतो, पण धडा वेगळा असतो. कन्नड व्हिडिओ पुस्तकाला बरोबर जुळतो, पण पाचवी-सहावीच्या पोराला त्यातलं निम्मंही कळत नाही. नेट नाही, रेंज नाही, फोन नाहीत, असं म्हणून या अडचणीची नेहमी बोळवण होते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रेंजची अडचण खरीच आहे. पण रेंज आल्यावरही हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याचं मूळ तंत्रज्ञानात नाही. ते "मातृभाषा" या एका शब्दावरून तीन दशकं चाललेल्या ओढाताणीत आहे.

फार मागे जायची गरज नाही. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात इथल्या कन्नड मुलांनाही मराठी शाळेत बसावं लागे आणि ती तक्रार कन्नड भाषकांची होती, एवढं नोंदवून पुढे जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, हे सांगायला नको. कमी बोललं जातं ते हे की सातवी घटनादुरुस्तीही त्याच दिवशी अंमलात आली. तिने अनुच्छेद ३५०क घटनेत घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी राज्याने कराव्यात, असं तो सांगतो. म्हणजे ज्या दिवशी आपण अल्पसंख्याक झालो, त्याच दिवशी ते संरक्षणही आलं. त्याच्या आधी, १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी एक हिशेब ठरवला होता. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं एका मातृभाषेची असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या दोनशिक्षकी शाळेच्या पटाकडे पाहिलं की हे १० आणि ४० आकडे आजही डोक्यात घोळतात.

पुढचा मोठा टप्पा १९८२ चा. कन्नड हीच एकमेव पहिली भाषा, असा आदेश राज्याने काढला. इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. कर्नाटकात "पहिली भाषा" म्हणजे मुलाची पहिली भाषा नव्हे, तर दहावीच्या परीक्षेतली सगळ्यात जास्त गुणांची भाषा. आज ६२५ पैकी १२५ गुण तिला असतात, बाकी प्रत्येक विषयाला १००. आपल्या शाळांत ती मराठी असते. १९८६ च्या जूनमध्ये प्राथमिक शाळांतल्या कन्नडसक्तीविरुद्ध बेळगावात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर दर १ जूनला लोक जमतात ते त्याचसाठी. कन्नड एकमेव पहिली भाषा हा आदेश उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केला. आपल्याकडे आंदोलन सगळ्यांना आठवतं, निकाल फारसा कुणाला आठवत नाही. वर्गातल्या मराठी पुस्तकाला मात्र त्या निकालाने मोठा आधार दिला.

त्यानंतर राज्याने पहिल्या भाषेऐवजी माध्यमाचा मुद्दा धरला. २९ एप्रिल १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून असावं असं ठरवलं, आणि ते खासगी शाळांनाही लागू केलं. सीमाभागातल्या मराठी शाळेला हा आदेश तसा अडचणीचा नव्हता, उलट सोयीचा होता. मराठी मूल मराठीतून शिकणार, हे राज्यच म्हणत होतं. झळ बसली ती इंग्रजी शाळांना. कागदावर कन्नड माध्यमाची परवानगी आणि वर्गात इंग्रजी, असा प्रकार राज्यभर सुरू झाला. खटले चालत राहिले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने खासगी शाळांपुरता हा आदेश मोडीत काढला, आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शेवटचा शब्द दिला.

या निकालावर थोडं थांबायला हवं. मातृभाषा म्हणजे कोणती भाषा, असा प्रश्न न्यायालयापुढे सरळ सरळ होता. घरात बोलली जाते ती? मुलाला सर्वांत सहज येते ती? की राज्याने ठरवलेली? न्यायालयाने सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे आईवडील किंवा पालक ठरवतील, राज्य ठरवू शकत नाही. अनुच्छेद ३५०क सोयी करायला सांगतो, सक्ती करायचा अधिकार देत नाही. भाषा निवडणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

बेळगावात हा निकाल "इंग्रजी जिंकली" एवढ्यावरच वाचला गेला. मला तसं वाटत नाही. ज्या तर्काने राज्याला मराठी मुलावर कन्नड माध्यम लादता येत नाही, त्याच तर्काने मराठी आईला आपलं मूल मराठी शाळेतून काढून इंग्रजीत घालता येतं. म्हणजे आपल्याला हवं असलेलं संरक्षण आणि आपल्याला नको असलेली गळती एकाच निकालातून आली. पण मनाला लागते ती गोष्ट निराळी आहे. निकालाआधी "मातृभाषा" हा शब्द मुलाभोवती फिरत होता. त्याला काय कळतं, तो कुठल्या भाषेत विचार करतो, यावर वाद तरी होत होता. निकालानंतर हा शब्द पालकांच्या निवडीचा झाला. प्रवेशाच्या टेबलावर हे रोज दिसतं. समोर बसलेली आई मुलाशी मराठीत बोलत असते. "मातृभाषा?" "मराठी." "माध्यम?" ती क्षणभर मुलाकडे बघते आणि म्हणते, "इंग्लिश घाला, सर." तिला दोष देण्यात अर्थ नाही. नोकरी, बेंगळूर, पुणे हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर असतं. पण मराठी माध्यमाचा पट जसजसा घटतो, तसतसं त्या माध्यमासाठी काही तयार करणंही कुणाला परवडेनासं होतं. ऑनलाइन साहित्य आणि मातृभाषेचा निकाल यांचा संबंध इथे येतो. आठवीच्या मराठी माध्यमाची मुलं सबंध राज्यात थोडी, मग त्यांच्यासाठी मराठीतून व्हिडिओ कोण करणार?

पाठोपाठ २०१५ मध्ये कन्नड भाषा शिक्षणाचा कायदा आला आणि पहिलीपासून एक भाषा म्हणून कन्नड सगळ्या शाळांत टप्प्याटप्प्याने शिकवायची झाली. इंग्रजी सरकारी शाळांत त्याआधीच पहिलीपासून होती. म्हणजे सहा वर्षांच्या पोरापुढे तीन लिप्या. त्यात पहिली ते तिसरीची मुलं "नलि-कलि" या आनंदाने शिकण्याच्या पद्धतीत एकत्र बसवलेली, आणि त्यांच्यासमोर एक शिक्षक. कन्नड यायला हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथे राहायचं तर ती लागतेच, आणि आमच्या मुलांना ती बाजारात, एसटीत येतेही. शंका आहे ती तिन्ही एकाच वेळी सुरू करण्याबद्दल.

मग २०२० आलं. त्याआधी, २०१७ च्या शिक्षकदिनी, केंद्र सरकारने "दीक्षा" हे ऑनलाइन शालेय साहित्याचं व्यासपीठ सुरू केलं होतं. पुस्तकातला चौकोनी कोड स्कॅन केला की धडा उघडतो, हे शिक्षकांना ठाऊक झालं होतं. त्याची गरज मात्र टाळेबंदीत कळली. कर्नाटकाने दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर पाठ लावले, ते कन्नडमध्ये. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैत सह्याद्रीवर "टिलीमिली" ही पाठमालिका सुरू झाली, ती बालभारतीच्या पुस्तकांवर. आमच्याकडे घरोघरी फ्री डिशवर दोन्ही दिसत. खानापूर तालुक्यातल्या एका घरात सकाळी चौथीतली मुलगी टिलीमिली बघत बसलेली मी पाहिली. ती मन लावून बघत होती, मधेच वही घेऊन काही लिहीतही होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "गुरुजी, हा धडा आमच्या पुस्तकात कितवा?" तो तिच्या पुस्तकात नव्हताच. गावागावांत जाऊन देवळात, समाजमंदिरात शिकवण्याचा "विद्यागम" उपक्रम राज्याने काढला होता. तो आमच्या दृष्टीने सगळ्यांत कामाचा होता, कारण त्यात शिक्षक स्वतः मराठीत बोलत होता. संसर्गाच्या भीतीने तो ऑक्टोबर २०२० मध्ये थांबला.

त्यानंतरच्या वर्षांत कार्यक्रमांची रीघ लागली. २०२२-२३ मध्ये बुडालेला अभ्यास भरून काढण्याचं "कलिका चेतरिके", मग "मरुसिंचन". परिपत्रकं कन्नडमध्ये, प्रशिक्षणं बहुतेक कन्नडमध्ये. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे कागदपत्रं त्यांच्याही भाषेत द्यावीत, हा निकष जुना आहे, पण शाळेत येणाऱ्या परिपत्रकाला तो लागताना दिसत नाही. फोनवरचं भाषांतर कामाला येतं, पण ते फसवतंही. "मरुसिंचन" घ्या. मराठी डोळ्याला त्यात वाळवंट दिसतं, मरुभूमीला पाणी घालणं. कन्नडमध्ये "मरु" म्हणजे पुन्हा, म्हणून हे पुन्हा शिंपणं, मागे पडलेल्या मुलांना परत शिकवणं. गणिताच्या प्रशिक्षणात "संकलन" आणि "व्यवकलन" ऐकू येतं. व्यवकलन म्हणजे वजाबाकी हे अंदाजाने कळतं, पण संकलन म्हटल्यावर नव्या शिक्षकाला बेरीज आठवत नाही, गोळा करणं आठवतं. मुलाला शिकून काय यायला हवं, महाराष्ट्र ज्याला "अध्ययन निष्पत्ती" म्हणतो त्याला इथे "कलिका फल" म्हणतात. दोन्ही शब्द येत असतील तरच शिक्षकाला दोन्हीकडचं साहित्य वापरता येतं.

आज हाताशी काय आहे ते बघू. कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तकं राज्याच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती वर्षाच्या सुरुवातीलाच उतरवून ठेवावीत. "दीक्षा"वर मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडायची असते. कर्नाटक आणि मराठी निवडून मिळेल ते आधी बघावं, मग मंडळाच्या जागी महाराष्ट्र टाकून तोच विषय पुन्हा शोधावा. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत आहेत. विज्ञान आणि गणितात त्यांचा उपयोग सर्वांत जास्त, कारण अपूर्णांक आणि प्रकाशसंश्लेषण सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. पारिभाषिक शब्द अडला तर महाराष्ट्राचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन आहेत.

मला सर्वांत कामाचं वाटतं ते "स्टोरीवीव्हर". २०१५ पासून चालू असलेल्या या ऑनलाइन साठ्यात चित्रगोष्टी खुल्या परवान्याने ठेवलेल्या आहेत, म्हणजे छापा, वाचा, भाषांतर करा, कुणाची परवानगी नको. एकच गोष्ट मराठीतही असते आणि कन्नडमध्येही. दोन्ही छापून शेजारी शेजारी लावल्या की मुलं चित्र बघून कन्नड ओळी मराठीशी जुळवत जातात. तिसरीच्या वर्गात हे केलं तेव्हा एका मुलाने "नीरु" या शब्दावर बोट ठेवून "पाणी!" म्हणून आरोळी ठोकली. कन्नडच्या पुस्तकाने महिनाभरात जे झालं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

समाजविज्ञानात मात्र शेजारचं साहित्य कामाला येत नाही. आमच्या पुस्तकात इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आहे, तिचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा आहे. रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ती नंदगडला, खानापूर तालुक्यात. नंदगडच्या आसपासच्या मराठी मुलांना ती जागा ठाऊक आहे, पण त्यांना दाखवावा असा मराठी व्हिडिओ महाराष्ट्र कशाला करील? तो इथल्याच कुणी तरी फोनवर उभ्याउभ्या घ्यायला हवा.

धोरण पुन्हा हलतं आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाऐवजी राज्याने स्वतःचं धोरण करायला घेतलं आणि त्यासाठीच्या आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात दोन भाषांचं सूत्र आहे, आणि पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा माध्यम असावं असंही आहे. २०१४ च्या निकालानंतर हे खासगी शाळांना कसं लावणार, हा प्रश्न उभाच आहे. मराठी शाळेत मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा धरल्या तर २०१५ च्या कायद्यातली कन्नड कुठे बसवायची, हेही ठरायचं आहे.

तोवर आमच्या शाळांच्या केंद्रातल्या एका बाईंनी सुरू केलेला तक्ता चालू आहे. वहीत तीन रकाने आखलेले. पहिल्यात आपल्या पुस्तकातला धडा, दुसऱ्यात त्याला जुळणारा बालभारतीचा धडा आणि इयत्ता, तिसऱ्यात कन्नड व्हिडिओचं नाव आणि त्यातले चार-पाच अवघड शब्द मराठीत. सहावीचं विज्ञान आणि गणित झालंय, सातवीचं अर्धं. फोटो काढून ग्रुपवर टाकलेत. परवा निपाणीहून एका सरांनी आठवीचे पहिले चार धडे भरून पाठवले.