डाटीफच्या पोटातल्या विभक्त्या

जर्मनच्या वर्गात एक पाठांतर लवकरच सुरू होतं: आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. या अव्ययांपुढच्या नामाची डाटीफ (चतुर्थी) विभक्ती. डुर्ख, फ्युअर, गेगन, ओहने, उम आले की अक्कुझाटीफ (द्वितीया). का, असं विचारलं तर 'तसंच असतं' हे उत्तर ठरलेलं. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेल्यांना मात्र यामागचं कारण चटकन पटेल.

संस्कृत आणि जर्मन ज्या आदिभाषेतून निघाल्या, तिच्यात आठ विभक्त्या होत्या असं मानतात. संस्कृतने त्या सांभाळल्या. जर्मनच्या पूर्वज भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर कायमचा बसला आणि शेवटची अक्षरं झिजू लागली. जुन्या जर्मनमध्ये, म्हणजे साधारण ७५० ते १०५० या काळात, 'टाग' (दिवस) या शब्दाची टागा, टागो, टागुम अशी अनेकवचनी रूपं स्वच्छ वेगळी ऐकू येत. पुढे त्यांची टागे, टागे, टागन झाली. मग विभक्ती सांगायचं काम नामाआधीच्या डेर, डेम, डेन या उपपदांवर येऊन पडलं.

या झिजण्यात चतुर्थीने तृतीया, पंचमी आणि सप्तमी गिळून टाकल्या. आजची डाटीफ ती हीच. 'मिट' म्हणजे 'सह', तिथे जुनी तृतीया. 'आउस' आणि 'फॉन' म्हणजे 'पासून, मधून', तिथे पंचमी. 'बाय' म्हणजे 'जवळ', ती सप्तमी. 'नाख' दिशा दाखवूनही डाटीफ का घेतं, याने विद्यार्थी हैराण होतात, पण हा शब्द 'नाह' म्हणजे 'जवळ' यातूनच आला आहे. तृतीयेचा एक अवशेष तर रोज बोलण्यात असतो: 'होयटे' म्हणजे आज, मुळात 'हिऊ टागु', 'या दिवशी'.

खरी डोकेदुखी त्या नऊ अव्ययांची, जी दोन्ही विभक्त्या घेतात: आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन. घरात जायचं तर 'इन्स हाउस', घरात बसायचं तर 'इम हाउस'. संस्कृतात 'गृहं गच्छति' आणि 'गृहे वसति': जाण्याच्या ठिकाणाला द्वितीया, असण्याच्या ठिकाणाला सप्तमी. भेद तोच. आपण मराठीत मात्र 'घरात गेला' आणि 'घरात आहे' एकाच रूपात उरकतो, म्हणून इथे हमखास चुकतो.

ही अव्ययं मुळात सुटी क्रियाविशेषणं होती. अर्थ विभक्तीच सांगे, अव्यय त्याला जोर देई. प्रत्यय झिजले तसं अव्ययाचं वजन वाढलं. 'यूबर' आणि संस्कृत 'उपरि' सख्खे भाऊ. आपलं 'वर' त्याच 'उपरि'चं लेकरू. जर्मनने ते नामाआधी बसवलं, आपण नामामागे, सामान्यरूपाला चिकटवून. तिकडे टेबलाआधी 'वर', इकडे 'टेबलावर'.

नावांची कथा गमतीची आहे. ग्रीकांच्या द्वितीया विभक्तीच्या नावात 'कारण' आणि 'आरोप' असे दोन्ही अर्थ निघत होते. रोमनांनी आरोप उचलला, म्हणून अक्कुझाटीफ म्हणजे शब्दशः 'आरोपाची विभक्ती'. १५७८ साली योहानेस क्लायुसने जर्मनचं व्याकरण लिहिलं तेही लॅटिनमध्येच, त्यामुळे ही लॅटिन नावं टिकली यात नवल नाही. जर्मन शाळांत वेनफाल, वेमफाल ही 'कोणाला' विचारणारी साधी नावंही चालतात. मला तीच शहाणी वाटतात.

गेनिटीफ (षष्ठी) घेणारी अव्ययं बरीच उशिराची. 'वेगन' म्हणजे 'मुळे', ते 'वेग' (वाट) या नामातून आलं. 'फॉन आम्ट्स वेगन' (अधिकाराच्या नात्याने) यासारख्या प्रयोगांत आधी षष्ठी, मग हे नाम. नाम होतं म्हणून षष्ठी, 'पावसाच्या कारणाने'मध्ये असते तशी. 'ट्रॉट्स' (असूनही) मात्र आधी डाटीफ घेई. 'ट्रॉट्सडेम' (तरीही) यातलं 'डेम' त्याची साक्ष देतं. आज लिहिताना त्याला गेनिटीफ लावतात, आणि बोलताना मात्र लोक 'वेगन'लाही सर्रास डाटीफ लावून मोकळे होतात.